असाकुसाच्या पेठेत भेटला चिरमुऱ्याचा लाडू

ऑफिसच्या कामानं टोकियोला होते, त्यात एकच रविवार मोकळा मिळाला आणि तो अख्खा मी असाकुसाला दिला. सगळे म्हणत होते टॉवर बघ, मॉल बघ, पण बेळगावची गणपत गल्ली आणि खडे बाजार पायी तुडवत मोठी झालेली मी, जुनी पेठ म्हटलं की पाय तिकडंच वळतात.

गिन्झा लाइननं गेले. १९२७ साली ही मेट्रो सुरू झाली ती उएनो ते असाकुसा एवढीच, म्हणजे पहिल्यांदा धावली ती याच पेठेत. सकाळी लवकर पोचले ते बरं झालं, कारण नाकामिसे गल्लीतली दुकानं बंद होती आणि बंद शटरवर जुन्या असाकुसाची चित्रं रंगवलेली असतात, दुकानं उघडली की ती दिसत नाहीत.

गल्लीच्या तोंडाला कामिनारीमोन, म्हणजे विजेच्या कडकडाटाची वेस. मधोमध ७०० किलोचा लाल कंदील. त्याच्या खाली उभं राहून वर बघा, तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे, बहुतेक लोक फोटो काढून तसेच पुढं जातात. ही वेस १८६५ ला जळाली आणि थेट १९६० ला परत उभी राहिली, पॅनासॉनिकचे संस्थापक मात्सुशिता यांच्या देणगीतून. आत सेन्सोजी मंदिर. ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत कान्नोनची मूर्ती आली अशी कथा सांगतात, कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व. मुख्य मंदिर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, १९५८ ला परत बांधलं. हे कळल्यावर मी नुसती पायरीवर बसून राहिले थोडा वेळ.

मग खाणं. तिथं चालत चालत खायचं नाही, घेतलं त्या दुकानासमोर उभं राहून संपवायचं, आणि मला ही पद्धत फार आवडली कारण करणाऱ्याचे हात बघायला मिळतात. निंग्योयाकीवाले आजोबा लोखंडी साच्यात पीठ ओततात, अझुकीच्या, म्हणजे बारक्या लाल कडधान्याच्या, गोड पुरणाची गोळी ठेवतात, साचा मिटून उलटा करतात, आणि उघडला की कबुतर, कंदील, पाच मजली पॅगोडा! गरम गरम, कडेला जरा करपलेलं. पुरणच की ते, फक्त हरभऱ्याच्या डाळीचं नाही, वेलचीचा वास नाही.

पण खरा धक्का कामिनारी-ओकोशीनं दिला. फुलवलेला तांदूळ, साखरेचा पाक, शेंगदाणे, दाबून वड्या पाडलेल्या. तोंडात टाकली आणि डोळ्यासमोर संक्रांतीच्या आधीचं आमचं स्वयंपाकघर, परातीभोवती बसलेल्या बायका, पाण्याचा हात लावून पटापट लाडू वळणारी आजी. ओकोशी म्हणजे उभं करणं, घर उभं राहू दे, नाव होऊ दे, म्हणून शुभ मानतात.

निंग्योयाकीत अंडं असतं म्हणून आजीसाठी ओकोशीच आणली. बेळगावला पोचल्या दिवशी तिनं एक वडी दाढेखाली धरून कट्टकन मोडली, डोळे मिटून चावली.

"चिरमुऱ्याचा लाडूच की गं हा. पाक बरोबर धरलाय बघ. गूळ का नाही घातला पण?"

मग दोन वड्या आत्यासाठी डब्यात ठेवल्या आणि मला परत सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, साच्याचं तर दोनदा.