ब्रेकर पडला, माणूस वाचला, टँक गेला (आमची वाटचाल)

आमचं काम एका ओळीत सांगायचं तर, घरात खाऱ्या पाण्याचा टँक, म्हणजे समुद्री माशांची काचपेटी, ठेवणाऱ्यांसाठी आम्ही पंप-हीटरचे प्लग लावायचे विजेचे बोर्ड बनवतो. बस एवढंच. मासे नाही, कोरल नाही, पंपसुद्धा विकत नाही. लोकांना ऐकून हसू येतं, बोर्ड काय, कुठलाही चालतो की! मी वायरमनचं काम करायचो तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

सुरुवात मेहुण्याच्या घरी झाली. त्याचा टँक म्हणजे घरातलं देवघर, पाहुणे आले की आधी तिकडे न्यायचा. एकदा म्हणाला, दाजी, एक पंप मधेच बंद पडतोय, जरा बघता का. मी खालचं कपाट उघडलं आणि दोन मिनिटं बघतच राहिलो. सम्पला, म्हणजे टँकखालच्या पाण्याच्या पेटीला, खेटून साधा एक्स्टेन्शन बोर्ड तळाशी आडवा पडलेला, त्यात सात-आठ प्लग, आणि दोन प्लगांवर पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी. ती बुरशी नव्हती, मीठ होतं. खाऱ्या पाण्याचे बारीक शिंतोडे उडतात, पाणी उडून जातं, मीठ तिथंच बसतं, मग ते मीठ वायरवरून, काचेवरून, जिथं जागा मिळेल तिथून पुढे सरकत जातं. टँकवाले त्याला सॉल्ट क्रीप म्हणतात. कोरडं असेपर्यंत ते फारसं काही करत नाही, पण मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि ओलं मीठ म्हणजे चक्क वायरच. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते नळाच्या पाण्यापेक्षा शंभरेक पट चांगला करंट वाहून नेतं. पंपाला काही झालं नव्हतं, सॉकेटची पिन जळून काळी पडली होती आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं.

आमचा पहिला बोर्ड त्याच आठवड्यात झाला. कपाटाच्या बाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर, भिंतीवर उभा लावलेला. प्रत्येक वायरला झोळ, म्हणजे वायर सॉकेटच्या खाली उतरून मग वर चढते, वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. आणि आत 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा ब्रेकर. इथं लोकांचा नेहमी गोंधळ होतो म्हणून सांगतो, एमसीबी, म्हणजे नेहमीचा ब्रेकर, वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून जीव जाण्याइतका करंट गेला तरी एमसीबीला ते कळतसुद्धा नाही, त्याच्या हिशोबात ते फारच थोडं असतं. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का हे बघतो, कमी आला म्हणजे कुठंतरी गळतोय, मग पाडतो.

मेहुण्याच्या मित्रांनी बोर्ड पाहिला, मग त्यांच्या मित्रांनी, मी रविवारी बनवायचो, मेहुणा जाऊन बसवायचा, आणि असं करत करत एक दिवस नोकरी सोडली. घरच्यांनी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

आता जे सांगायचंय ते. एक मॅडम होत्या, रिटायर्ड, त्यांच्याकडे आम्ही बसवलेला बोर्ड. त्या दोन दिवस बाहेरगावी गेल्या. रात्री कधीतरी हीटरची काच तडकली, पाणी आत गेलं, आरसीसीबी पडला. अगदी जसा पडायला पाहिजे तसाच पडला. पण त्या एकाच आरसीसीबीवर सगळं होतं, सम्पमधलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, टँकमधलं पाणी हलवणारा वेव्हमेकर, फेसातून घाण काढणारा स्किमर, दोन्ही हीटर, लाइट. सगळं बंद. पाणी थांबलं की टँकमधला ऑक्सिजन संपत जातो, मासे भरपूर असतील तर काही तासच मिळतात. मॅडम परत आल्या तेव्हा काही उरलं नव्हतं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, तुमच्या बोर्डाने काम केलं हो, पण माझं सगळं गेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मेहुणा आणि मी खूप वेळ बोललो. त्याचं म्हणणं, चूक हीटरची. माझं म्हणणं, हीटर कधीतरी तडकणारच, ते धरूनच बोर्ड बनवायला पाहिजे होता. तेव्हापासून आमच्या एकाही बोर्डात सगळं एका आरसीसीबीवर नसतं. दोन वेगळे भाग. एकावर रिटर्न पंप आणि एक हीटर, दुसऱ्यावर वेव्हमेकर, स्किमर आणि दुसरा हीटर. कुठलाही एक पडला तरी पाणी हलत राहतं आणि थोडी तरी ऊब राहते. याचा दुसरा फायदा नंतर कळला. हल्लीच्या बऱ्याच डीसी पंपांचे, एलईडी लाइटांचे अडॉप्टर चांगले असले तरी थोडा थोडा करंट अर्थमध्ये सोडतातच, आठ-दहा अडॉप्टर एकत्र केले की त्याची बेरीज होते, आणि 30 चा आरसीसीबी 15 च्या पुढे कधीही पडू शकतो, तेवढी सूट स्टँडर्डमध्येच आहे. म्हणजे काही बिघाड नसताना पडापडी. भाग केले की ती बेरीजही वाटली जाते. शिवाय या अडॉप्टरांमुळे आम्ही टाइप ए चाच आरसीसीबी घालतो, साधा टाइप एसी नुसत्या सरळ एसी गळतीसाठी असतो, टाइप ए ला तुकड्यातुकड्यांत येणारी डीसी गळतीही कळते. एक मात्र आहे, घराच्या मेन बोर्डातही 30 चाच आरसीसीबी असेल तर आमच्या आधी तोच पडू शकतो, मग आमचे दोन भाग असून उपयोग काय! म्हणून बसवायच्या आधी मेन बोर्डाचा फोटो मागतो, लोक वैतागतात, मागतोच.

हीटर हा आमचा कायमचा शत्रू. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटले की तो बंदच होत नाही, मोठा असेल तर टँकचं सूप. म्हणून 300 वॅटचा एक घेण्यापेक्षा 150 चे दोन घ्या सांगतो, आणि वर बाहेरचा कंट्रोलर, तो थोड्या जास्त तापमानाला कापेल असा. आणि पाणी बदलताना हीटर आधी बंद करून थंड होऊ द्या. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला आणि परत थंड पाणी लागलं की काच गेलीच.

सगळ्यात जास्त फोन येतात ते टायटॅनियमच्या अर्थिंग प्रोबबद्दल, म्हणजे पाण्यात सोडून अर्थला जोडायच्या कांडीबद्दल. काचेचा टँक लाकडी स्टँडवर असतो, म्हणजे बऱ्याचदा पाण्याला अर्थकडे जायला वाटच नसते. पंपाचं सील गेलं, फेज पाण्यात आला, तरी आरसीसीबी गप्प, कारण गळायला जागा नाही. ती जागा तुम्ही हात घातल्यावर देता. प्रोब असेल तर गळती सुरू झाल्याबरोबर बोर्ड पडतो, हाताची वाट बघत नाही. पण आरसीसीबी नसताना नुसता प्रोब टाकणं आम्हाला पटत नाही, करंट पाण्यातून वाहतच राहतो आणि कळतही नाही. दुसरा ठरलेला फोन म्हणजे, मीटर पाण्यात 40 व्होल्ट दाखवतंय, मरणार का मी? बऱ्याचदा ते पंपांच्या शेजारामुळे उमटलेलं व्होल्टेज असतं, डिजिटल मीटरला नुसतं दिसतं, मागे ताकद काही नसते. तरी नुसतं फोनवर ऐकून ठीक आहे असं मी म्हणत नाही. एकेक वस्तू प्लगमधून काढा, आकडा कधी धाडकन खाली येतो बघा, ती वस्तू बाजूला ठेवा. आणि तोपर्यंत हात घालू नका.

मधे इन्व्हर्टर विकायचा शहाणपणा करून पाहिला, स्क्वेअर वेव्हवाल्यावर पंप भुंग्यासारखे गुणगुणायला लागले आणि तापले, सगळे परत घेतले. आता फक्त डीसी वेव्हमेकरला बॅटरी जोडून देतो. लाइट गेल्यावर आधी गरज हलत्या पाण्याची असते, उबेची नंतर.

त्या मॅडमनी पुन्हा टँक लावला, बोर्ड आमचाच घेतला, नवा. एकदा म्हणाल्या, टेस्ट बटण महिन्याला दाबा म्हणता, पण दाबलं की पंप थांबतो, वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, परत चालू केलं की सम्पची पातळी वाढलेली असल्यामुळे स्किमर उतू जातो आणि फरशी मी पुसते. कोण दाबेल? अगदी खरं होतं. तेव्हापासून बोर्डात स्किमरसाठी उशिराचा टायमर असतो, बाकीचं सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी तो लागतो. मॅडम आता न चुकता बटण दाबतात. मेहुणा अजून नाही दाबत, मीच त्याच्याकडे गेलो की आधी कपाटापाशी जातो, मग चहा.