माटोळीखालचा पतंग

गणपती पोहोचवून आले तरी त्याच्यावर टांगलेली फळापानांची माटोळी अजून उतरवलेली नाही, आणि तिच्याखालच्या भिंतीवर आज दिवसभर एक तपकिरी पतंग बसून आहे. पंखांचा विस्तार जेमतेम २२ ते २४ मिलिमीटर. झाडू फिरवताना सहज निघून जावा, एवढाच. जवळून पाहिला तेव्हा पुढच्या पंखांच्या मधोमध आडवी पांढरी पट्टी दिसली, टोकाकडे वरच्या कडेला तिच्याहून आखूड दुसरी, आणि मागच्या पंखांवर रुंद तिसरी. पंख त्रिकोणी पसरून बसला की पुढची आणि मागची पट्टी अशा भिडतात, जणू मोजपट्टी ठेवून एकाच हाताने ओढल्या आहेत. पंखांची झालरसुद्धा एकरंगी नाही, तपकिरीत मधूनमधून पांढरी आहे. इतकी आखणी, आणि ती पाहणार कोण?

आरतीनंतर वहिनी सर्वांसमोर म्हणाल्या, "ताई, तुमचे बरे आहे, तुम्ही घरातच असता," आणि लगेच खतखत्याच्या भाजीकडे वळल्या. वाक्यात वावगे काहीच नव्हते. दादा गप्प राहिला, त्याचेही काही नाही. पण घरातच असणाऱ्याकडे कोणी निरखून पाहत नाही, हे मला भिंतीवरच्या त्या किड्याकडे पाहताना इतके पटले की डोळे भरून आले. (दोन रात्रींचे जागरण होते, हेही नमूद करते.)

मग भाच्याने फोटो पाहून नाव कळवले: स्पोलाडिया रिकर्व्हालिस. फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्येच त्याचे वर्णन केले आहे. जगभरच्या उष्ण प्रदेशांत तो आढळतो, लांबवर स्थलांतर करतो आणि क्वचित इंग्लंडपर्यंतही पोहोचतो. म्हणजे घरातच असणारा तो नव्हेच. आमच्याकडे मुक्कामाला आलेला. मी ज्याच्यासाठी हळहळले, तो माझ्याहून कितीतरी हिंडलेला निघाला.

आणि पाहुणचारही त्याने आधीच करून घेतला आहे. पालक, बीट, राजगिरा यांच्या कुळावर त्याच्या अळ्या पोसतात. परसातल्या तांबड्या भाजीची पाने धाग्यांनी गुंडाळून, खालून खरवडत खाऊन वरचा पापुद्रा तेवढा मागे ठेवणाऱ्या त्या हिरव्या अळ्या याच्याच. चतुर्थीसाठी राखलेला अर्धा वाफा त्यांनी फस्त केला, तेव्हा त्यांना मी काय काय म्हटले ते येथे लिहिण्यासारखे नाही. कोष मातीत होतात, तेव्हा पाऊस उघडला की वाफा उकरायला हवा. कुदळ दादाने कुठे ठेवली आहे कोण जाणे.