फोमच्या चिलखतात निळा उजेड

मैत्रिणीने फोमच्या शीटमधून चिलखत केलं होतं. वर लाल अंगरखा, हातात दंड आणि त्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा स्फटिक. आत दिवा बसवायला जागा नव्हती, त्यामुळे स्फटिक फोटोत पेटवायचं काम माझ्या गिम्पकडे, म्हणजे फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरकडे आलं.

मी स्फटिकाला हात लावण्याआधी फोटोच काळवंडून घेतला. कर्व्ह्ज या उजेड-अंधार बदलण्याच्या साधनाने मधले टोन खाली ओढले, रंग थोडे थंड केले. पडद्यावर पांढऱ्याची मर्यादा 255. आजूबाजूचं सगळं 200 वर बसलं असेल, तर दिव्याने चमकायचं कुठे?

मग स्फटिकाचा आकार वेगळ्या लेयरवर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, निळ्याने भरला आणि थर खालच्या चित्रात मिसळण्याचा मोड स्क्रीन ठेवला. या मोडमध्ये खालचं चित्र कधीच गडद होत नाही, फक्त उजळतं. त्याच लेयरच्या प्रती करून गॉशियन ब्लर, म्हणजे कडा धूसर करणारा फिल्टर, वाढवत नेला: आधी 8 पिक्सेल, मग 40, मग 150. एकच मोठा ब्लर दिला की प्रभा धुक्यासारखी दिसते. गाभा मात्र जवळजवळ पांढराच ठेवला. खऱ्या तेजस्वी दिव्याच्या फोटोत मध्यभागी कॅमेऱ्याचे तिन्ही रंग शिगेला पोचतात आणि रंग उरतो तो कडेला.

इतकं झालं तरी स्फटिक वर चिकटवलेल्या स्टिकरसारखाच वाटत होता. बहुतेक ट्युटोरियल्स इथेच थांबतात, आणि माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे. दिवा खरा वाटतो तो त्याचा उजेड कशाकशावर पडलाय यावरून. म्हणून नव्या लेयरवर, खालच्या रंगात उजेडाची भर घालणाऱ्या ॲडिशन मोडमध्ये, अगदी कमी ओपॅसिटीच्या (म्हणजे फिकट उमटणाऱ्या) मऊ ब्रशने बोटं, हनुवटीची खालची बाजू आणि मनगटपट्टीची कड रंगवली. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाई होतो, त्यामुळे खांद्यापर्यंत जेमतेम झाक पोचू दिली. चंदेरी रंग दिलेल्या फोमवर बारीक, धारदार रेघ, त्वचेवर पसरट. लाल अंगरखा जवळजवळ तसाच सोडला, कारण लाल कापड निळा उजेड बराचसा गिळून टाकतं. तिथे निळं फासलं असतं, तर कापड जांभळं झाल्यासारखं दिसलं असतं.

स्फटिकापुढे दोन बोटं होती. लेयरचा हवा तो भाग झाकणारा मास्क लावून गाभा त्यांच्यामागे लपवला. प्रभा मात्र त्यांच्यावरून थोडी सांडू दिली, कारण ती चकाकी लेन्समध्येही तयार होते.

काळ्या पार्श्वभूमीवर प्रभेच्या कडेला पट्टे उमटण्याचा धोका असतो. 8 बिटमध्ये एका रंगाच्या जेमतेम 256 पायऱ्या, त्यातल्या गडद भागात मोजक्याच. म्हणून फाइल सुरुवातीलाच 16 बिटला नेली होती. 2018 च्या गिम्प 2.10 पासून ती सोय आहे. शेवटी जेपेग करण्याआधी किंचित नॉइज, म्हणजे बारीक दाणे, टाकला. मूळ फोटोत दाणे आणि प्रभा मात्र गुळगुळीत, हा फरकही त्याने मिटला. लेन्सवर उमटणारे चकाकीचे ठिपके दाखवणारा लेन्स फ्लेअरचा फिल्टर वापरला नाही. मला तो कुठल्याच फोटोत आवडत नाही.

आता मैत्रिणीला डोळेही पेटलेले हवेत. मी टाळतेय. ते पेटले की पापण्या, नाकाचा उंचवटा, गालांची हाडं, सगळ्यांवर पुन्हा उजेड रंगवावा लागेल, आणि दंडाचा उजेड त्याच चेहऱ्यावर खालून आधीच येतोय.