अण्णांची उधारी
मार्च आला की कृषी सेवा केंद्रांची खाती माझ्या टेबलावर येतात आणि त्यातल्या एका दुकानाच्या मालकांशी, अण्णांशी, तोच वाद सुरू होतो. "अण्णा, हे नाव आता बुडीत टाकूया." "छे हो, ऊस गेला की देईल तो." ऊस जाऊन दोन हंगाम झाले! त्यांना वाटतं, बुडीत टाकणं म्हणजे उधारी माफ करणं.

तसं नाही. बुडीत कर्ज खाते नावे, ग्राहकाचं खाते जमा, एवढीच नोंद. वसुलीचा हक्क शाबूत राहतो. फक्त कोर्टात दावा लावायची तीन वर्षांची मुदत टळायच्या आत बाकी कबूल असल्याची सही घेऊन ठेवायची, जी अण्णा संकोचापोटी घेत नाहीत.

आयकरात तर नोंदीलाच किंमत. टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की 1 एप्रिल 1989 नंतर रक्कम खरोखर बुडाली हे सिद्ध करायची गरज नाही, वहीत निर्लेखित केली, म्हणजे बुडीत टाकली, की पुरे. ती विक्री मात्र आधी उत्पन्नात धरलेली हवी. 'बुडेल बहुधा' म्हणून नुसती तरतूद केली तर वजावट नाही (बँकांना थोडी मिळते, त्यांचे लाडच वेगळे). पुढे पैसे आलेच, तर ते त्या वर्षीचं उत्पन्न.

जीएसटीचा नियम मला आजही अन्यायाचा वाटतो. खतावरचा 5 टक्के कर दुकानदाराने भरलेला. गिऱ्हाईक बुडालं तरी तो परत मिळत नाही.

शेवटी अण्णांनी दोन नावांवर खूण केली. तिसऱ्याचं म्हणाले, "त्याच्या पोरीचं लग्न आहे, पुढच्या मार्चला बघू."