डोकं नसलेला डायनासोर

आमच्या चित्रकारांच्या लाईनमधे एलियन काढणं सगळ्यात सोपं. दिवाळी अंकातल्या विज्ञानकथेत सहा डोळे दिले काय नि सोंड लावली काय, कोणी फोन करून विचारत नाही की हे कशावरून. खरा ताप सायन्सच्या कामात.

एका प्रदर्शनासाठी इसिसॉरसचं पोस्टर करत होतो. हा आपला चंद्रपूरकडचा, डोंगरगावला सापडलेला, लांब मानेचा शाकाहारी गडी. नाव पडलंय इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून (संख्याशास्त्रवाल्यांचा डायनासोर, घ्या!). त्या सांगाड्यात कवटीच नाही, मागचे पायही नाहीत. संशोधक पेपरात लिहून मोकळे होतात की हा भाग मिळाला नाही, पण मी काय मानेच्या टोकाला कोरी जागा सोडू?

फायनल दाखवायच्या दिवशी मात्र भांडण निघालं भलत्याच गोष्टीवरून. आयोजक साहेब म्हणाले, पायाखालचं गवत काढा, डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, मुलाच्या पुस्तकात आहे. आता बरीच वर्षं तसंच मानत होते आणि चित्रकारही नेचे काढून वेळ मारून न्यायचे हे खरं, पण डोंगरगावच्या जवळच पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते आणि 2005 साली त्यातच गवताच्या पानातले सिलिकाचे कण मिळाल्याचं छापून आलं, पान कुजतं पण हे कण उरतात. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तिथे वरोऱ्याकडे गवत होतं आणि कोणीतरी ते खाल्लं होतं!

साहेबांना पटेना. शेवटी कॉलवर असलेल्या पुराजीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "गवत राहू दे, पण लॉन नको करूस. त्या विष्ठेत बाकीच्या झाडांचंच जास्त आहे. इथेतिथे झुबके ठेव." तिथेच बसून गवताचा लेयर अर्धा खोडला. चित्र सुधारलंच, खोटं कशाला बोलू.

डोकं मी मादागास्करच्या रापेटोसॉरसवरून घेतलं होतं, तोही इसिसॉरससारखा टायटॅनोसॉर गटातलाच आणि त्याची कवटी मिळालीये. खाली ओळ टाकली, 'डोके व मागचे पाय अंदाजाने'. साहेब म्हणे ही ओळ काढा, लोकांना वाटेल सगळंच थापा आहेत. मी म्हटलं मग माझं नावपण काढा.

ओळ राहिली, नावही राहिलं. फॉन्ट मात्र त्यांनी इतका बारीक केला की दोन्ही वाचायला भिंग लागेल.