गोळी कशी देता, हे कुणी विचारलंच नाही

नौपाड्यात आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते, फार्मसिस्ट मीच असल्यामुळे लायसन्सवर नावही माझंच. ठाण्यात मेडिकलची दुकानं पावलापावलावर आहेत, पण शेड्यूल एक्सचं, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीचं, लायसन्स असलेली फार थोडी, आणि एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकत नाही, फार चंचल असतात अशा मुलांना जी मुख्य गोळी देतात ती, म्हणजे मिथिलफेनिडेट, त्याच यादीत येते. भुलीचं औषध केटामाईन, ज्याची नशाही करतात, ते पण त्याच यादीत आहे, यावरून सरकार या गोळीकडे कसं बघतं ते कळावं.

हे लायसन्स घ्यायला बाकीचे दुकानदार का कचरतात ते सांगते. या औषधांना वेगळं कपाट लागतं, त्यात दुसरं काही ठेवायचं नाही, कुलूप कायम. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लागतं, एक पेशंटकडे, एक माझ्याकडे, आणि ती दोन वर्षं जपून ठेवायची. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, पत्ता, डॉक्टर, बॅच नंबर, किती आले, किती दिले, किती उरले, सगळं त्या त्या दिवशी लिहायचं. इन्स्पेक्टर आले की आधी ते कपाट उघडायला लावतात आणि स्ट्रिपा मोजून रजिस्टरशी ताळा करतात. एका गोळीचा फरक आला तरी उत्तर मला द्यायचंय. विक्री महिन्याला मूठभर, कटकट भरपूर. तरी मी लायसन्स सोडत नाही कारण कळव्यापासून घोडबंदरपर्यंत आईबाप या गोळीसाठी वणवण करताना मी बघितलेत.

जुलैमधला शनिवार होता, संध्याकाळी पाऊस मरणाचा, गर्दी सर्दीखोकल्याची. एक बाई, त्यांच्या सासूबाई आणि आठेक वर्षांचा मुलगा असे तिघं भिजत आले. आधी ज्या दुकानातून घ्यायचे तिथे स्टॉक संपला होता. प्रिस्क्रिप्शन अगदी रीतसर, दोन्ही प्रती, सही, रजिस्ट्रेशन नंबर, ३० मिलिग्रॅम एसआर, सकाळी एक. बाईंनी सोबत ब्राह्मीचं सिरप पण मागितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, गोळ्या हा एकच महिना द्या, पुढच्या महिन्यापासून बंदच करायच्यात."

मुलगा काउंटरजवळच्या स्टुलावर बसला होता. आमच्याकडे येणारी या वयाची मुलं, एडीएचडी असो नसो, वजनकाट्यावर चढतात, थर्मामीटरचा स्टँड फिरवतात, फ्रिज उघडायला बघतात. हा नुसता बसून खालच्या ओठाची सालं काढत होता, रक्त आलं तरी काढत होता. त्याच्या आज्जीने दोनदा हात खाली केला, तो परत वर. मी सहज म्हटलं ये रे, वजन करू, तर काटा २२.४ वर थांबला. बाईंच्या फाइलमध्ये फेब्रुवारीतल्या कागदावर २५ लिहिलेलं होतं. वाढत्या वयात पाच महिन्यांत अडीच किलो कमी. भूक मरणं हा या गोळीचा सगळ्यात नेहमीचा साइड इफेक्ट आहे, म्हणूनच वजन, उंची, नाडी, बीपी दर भेटीला बघायचं असतं. फेब्रुवारीनंतरच्या एकाही कागदावर वजन नव्हतं. डोस मात्र दोनदा वाढला होता, १० चे २०, २० चे ३०.

मी विचारलं डोस का वाढवला. बाई म्हणाल्या, शाळेतून तक्रार यायची. शाळा सातची, गोळी साडेसहाला, सुरुवातीचे तास शांत, पण साडेदहानंतर मुलगा अगदी हाताबाहेर, बाकावरून उड्या, मारामारी. डॉक्टरांना सांगितलं की असर टिकत नाही, त्यांनी डोस वाढवला. मग सकाळी तो बोलेनासाच झाला, डबा तसाच परत, "छातीत धडधडतं" म्हणायचा, आणि दुपारी रडारड. डायरीत टीचरने लिहून दिलं होतं, गोळी दिल्याशिवाय मुलाला शाळेत पाठवू नये. ते पान त्यांनी मला दाखवलं. लाल पेनाने, खाली सही. कुठलं औषध कुणाला द्यायचं हे टीचरने डायरीत लिहायचं? माझा संताप झाला आणि अजूनही होतो.

आज्जी म्हणाल्या, "पोर माझं दगड झालंय हो ताई."

मला त्या वेळा खटकत होत्या. साडेसहा ते साडेदहा म्हणजे चार तास. साधी मिथिलफेनिडेट साधारण चारच तास चालते. पण ही एसआर आहे, सावकाश सुटणारी, तिने आठेक तास जायला हवेत. गोळी खरी आहे, बॅच बरोबर आहे, मग चार तासांत संपते कशी? म्हणून मी विचारलं, गोळी देता कशी?

बाई म्हणाल्या पाण्याबरोबर. तेवढ्यात मुलगा स्टुलावरून म्हणाला, "नाही, आज्जी घासून देते. कडू असते."

आज्जींनी लगेच सांगितलं, लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलंच नव्हतं. पोराला अख्खी गोळी गिळता येत नाही, उमासे येतात. सून सकाळी सहाच्या लोकलला जाते, गोळी द्यायचं काम यांचं. मग त्या सहाणेवर थोडं पाणी घेऊन गोळी उगाळतात आणि मधात चाटवतात. मुलं मोठी केली ती अशीच, बाळगुटी अशीच दिली, तापाची गोळीसुद्धा अशीच दिली.

आता एसआर गोळी म्हणजे काय ते सांगते. आत औषध अशा पद्धतीने बसवलेलं असतं की पोटात गेल्यावर ते तासातासाने थोडं थोडं बाहेर पडावं. ती फोडली, चावली, उगाळली की ती रचनाच मोडते. सलाईन थेंबाथेंबाने सोडायची ती सिरिंजने एकदम ढकलल्यासारखं होतं. म्हणजे २२ किलोच्या या मुलाला रोज सकाळी दिवसभराचं औषध एका फटक्यात मिळत होतं. म्हणून सकाळी दगड, छातीत धडधड, भूक शून्य, आणि साडेदहाला असर उतरला की उधळणं. आणि त्या उधळण्यावर उपाय म्हणून डोस वाढत होता.

गोळी फोडू नका, चावू नका हे पाकिटावर लिहिलेलं असतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आज्जींना मराठी उत्तम वाचता येतं, समोरचा रॅक बघता बघता त्यांनी ब्राह्मीच्या बाटलीवरचं सगळं वाचून काढलं होतं.

मी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. आधी रिसेप्शनिस्टने अडवलं, मग डॉक्टर आले, थोडे वैतागलेले, शनिवारची ओपीडी. मी उगाळण्याचं सांगितलं, वजन सांगितलं. ते काही सेकंद काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले ३० अजिबात देऊ नका, सोमवारी सकाळी पहिला नंबर देतो, तोवर बंद. मला ते डॉक्टर वाईट वाटत नाहीत. पण ज्यांच्याकडे एका मुलाला दहा मिनिटं मिळतात तिथे आई काय सांगते त्यावरच डोस ठरतो, आणि आईला आज्जीची सहाण माहीतच नव्हती. ज्या दुकानाने पाच महिने ही गोळी दिली त्यांच्याबद्दल मात्र मला राग आहे. कुलूप, रजिस्टर, दोन प्रती सगळं त्यांनी केलं असणारच, कारण ते सरकार तपासतं. एक वाक्य बोलायचं राहिलं, ते कुणी तपासत नाही.

ब्राह्मीबद्दल आणि त्या 'पुढच्या महिन्यापासून बंद'बद्दल. मुलाच्या वडिलांनी एका ब्रेन ट्रेनिंगवाल्यांकडे चाळीस सेशनच्या पॅकेजचा अ‍ॅडव्हान्स भरला होता, डोक्याला वायरी लावून स्क्रीनवर गेम खेळायचा, गोळी सुटेल असं सांगितलेलं. घरात साखर बंद केली होती. बापाचं काळीज आहे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण वायरीवाल्या प्रकारात, मुलाला खरी ट्रीटमेंट मिळतेय की नुसता देखावा हे ज्यांना माहीत नाही अशांनी मोजलं की फायदा फारसा उरत नाही, असंच बहुतेक दिसलंय. साखरेने मूल चंचल होतं हे अभ्यासांत दिसलेलं नाही. खाण्यातल्या काही कृत्रिम रंगांचा थोडा परिणाम दिसलाय, २००७ मध्ये इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या लोकांनी दाखवलं आणि त्यानंतर युरोपात अशा रंगांच्या पाकिटावर इशारा छापायला लागले. ओमेगा ३ चा फायदा असलाच तर लहानसा. ब्राह्मीचं सिरप मी विकते, पण गोळीच्या जागी ते घ्या असं सांगण्याइतका पुरावा मी पाहिलेला नाही, आणि आज्जींना मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग राहू दे.

खरा पुरावा असलेला बिनगोळीचा उपाय एकच मोठा आहे, आईवडिलांचं ट्रेनिंग. मुलाला सूचना एका वेळी एकच द्यायची, चांगलं वागला की लगेच कौतुक, नियम थोडे पण रोज तेच, शाळेतही बसायची जागा पुढे, काम छोट्या तुकड्यांत. सहा वर्षांखालच्या मुलांना तर आधी हेच करायचं, गोळी नंतर, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. पण ते बाटलीत मिळत नाही, त्याचं पॅकेज कुणी होर्डिंगवर लावत नाही, आणि जिथे शिकवतात तिथे वेटिंग. या घरात तर ट्रेनिंग आज्जीला द्यायला हवं, दिवसभर मूल तिच्याकडे. आणि तिला एकाही अपॉइंटमेंटला कुणी आत बोलावलं नव्हतं, ती बाहेर चपला सांभाळत बसायची.

या विषयात मला एक अभ्यास सारखा आठवतो, अमेरिकेतला, १९९९ मध्ये छापून आलेला एमटीए. ५७९ मुलं, १४ महिने. काहींना फक्त औषध, काहींना फक्त वर्तनाचे उपाय, काहींना दोन्ही, आणि काहींना त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांकडे जसं चालू होतं तसं. मूळ लक्षणांवर औषधवाले पुढे राहिले, दोन्ही मिळालेल्यांना औषध कमी डोसमध्ये पुरलं, हे सगळे सांगतात. पण त्या शेवटच्या गटातल्या बऱ्याच मुलांनाही औषध मिळतच होतं आणि तरी ती मागे पडली. अभ्यासातल्या मुलांचा डोस नीट मोजून मापून बसवलेला होता, दर महिन्याला भेट होती, शाळेतून माहिती मागवली जात होती. गोळी द्यावी की नाही यावर लोक तावातावाने भांडतात, माझ्या दुकानात पण भांडतात, "ड्रग आहे ते" म्हणून ऐकवून जातात. दिलेली गोळी मुलाच्या पोटात कशी जाते, त्याने काल डबा खाल्ला का, यावर कुणी भांडत नाही.

सोमवारी डॉक्टरांनी काही दिवस औषध पूर्ण थांबवलं, मग १० पासून परत सुरू केलं. कॅप्सूल दिली, ज्यातले दाणे न चावता दहीभातासारख्या मऊ घासावर टाकून देता येतात अशी. सगळ्याच कॅप्सूल अशा उघडता येत नाहीत, म्हणून मी ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहून आज्जींना दिलं, दाणे ठेचायचे नाहीत, उगाळायचे नाहीत, गरम भातात टाकायचे नाहीत. त्यांनी तो कागद देवघराशेजारी चिकटवलाय असं बाई सांगत होत्या.

मागच्या आठवड्यात वडील आले, पहिल्यांदाच भेटले. वजन अर्धा किलो वाढलंय, सकाळी बोलतो, संध्याकाळी असर उतरताना तासभर चिडचिड होतेच. पॅकेजचे पैसे परत मिळत नाहीयेत म्हणून सेशन चालू ठेवणार म्हणाले, मी म्हटलं ठेवा, त्याच्यासाठी गोळी मात्र थांबवू नका डॉक्टरांना विचारल्याशिवाय. मग त्यांनी विचारलं, "मग ते पाच महिने जे झालं, ते त्याच्या आजाराचं होतं की गोळीचं? टीचरने त्याच्या वागण्याला ज्या फॉर्मवर मार्क दिले तो तर त्याच काळातला आहे." मला उत्तर देता आलं नाही. आता मागे जाऊन ते वेगळं काढता येईल असं मला वाटत नाही, पण तो फॉर्म परत भरून घ्यायला हवा एवढं नक्की. त्यांना म्हटलं, फाइलमधले सगळे कागद तारखेप्रमाणे लावा, डोस कधी वाढला आणि शाळेची तक्रार कधी आली ते शेजारी शेजारी लिहा, आणि पुढच्या भेटीला आज्जींना आत घेऊन जा.