आमची वाटचाल: माणूस बसवून घेतलेलं माप

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, ड्रॉइंग आणि पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून साचा करतात त्या नमुन्याची, थ्रीडी मॉडेलं करून देणं, हे आमचं काम. सुरुवात राजारामपुरीत भाड्याच्या दोन खोल्यांत झाली, पुढं उद्यमनगरात स्वतःची जागा घेतली. त्यात बहुतेक लहान फर्मांसारखंच सगळं घडलं. मला लिहायचं आहे ते आमच्या टेबल-खुर्च्यांबद्दल.

आमच्याकडच्या सर्वांत अनुभवी ड्राफ्ट्समन ताईंचा उजवा खांदा धरला. त्यांची फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "नुसता शेक घेऊन भागणार नाही, बसता कसं ते मला बघू दे." ती ऑफिसात आली आणि कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिली.

बाजारातलं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर टेबलाला यावं म्हणून खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, सीटची कड मांडीखाली दाबते, मग ती पुढं सरकून कडेवर बसते आणि तिची पाठ खुर्चीच्या पाठीला लागतच नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचा संग्रह निघाला. त्यातली मापं पाहिली तर आपल्या बायकांना हे टेबल उंच पडणारच, हे दिसतं.

दुसरं कारण माउसचं. मॉडेल फिरवायला दिवसभर मधलं बटण दाबून धरावं लागतं. कीबोर्डच्या उजवीकडं आकड्यांचा भाग असला की माउस आणखी बाहेर जातो आणि हात अंगापासून लांब राहून खांदा भरतो. डिझाइनवाल्यांना आकड्यांच्या भागाशिवायचे कीबोर्ड दिले. हिशेब बघणाऱ्या वहिनींना तो भाग लागतोच, त्यांचा तसाच ठेवला.

टेबलांसाठी बाहेर कुठं जायची गरज पडली नाही, उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाले शेजारीच. चौकोनी पाइपात दुसरा पाइप, इंचाइंचावर भोकं आणि बोल्ट, असा सांगाडा ठरला. फॅब्रिकेशनवाले मिस्त्री म्हणाले, "दादा, माणूस बसवून टेबलाचं माप घ्यायला तुम्हीच पहिल्यांदा सांगालाय बघा." प्रत्येकाला बसवलं, पावलं जमिनीला सपाट टेकवली, कोपर काटकोनात आणलं आणि तिथं खूण केली. आता टेबलं एका रेषेत दिसत नाहीत. मला तीच शोभा वाटते.

पैसे मात्र खुर्च्यांवर मोकळ्या हातानं खर्च केले. उंच पाठीच्या रेक्झिनच्या खुर्च्या रुबाबदार दिसतात, पण त्यांचे न हलणारे हात टेबलाच्या कडेला अडतात आणि माणूस कामापासून लांब राहतो. आमच्या खुर्च्यांचे हात खाली जातात, सीट मागं-पुढं होते. गुडघ्यामागं दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे.

स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. जवळचं-लांबचं असा दोन नंबरांचा (बायफोकल) चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर मान मागं टाकून वाचावं लागतं. खिडकी बाजूला येईल अशी टेबलं फिरवल्यावर काचेवरची चमक गेली. स्क्रीन बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडं बघायचं. समोरच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर त्यासाठी बरं आहे.

चांगल्या खुर्चीतसुद्धा तासन्‌तास बसायचं नसतंच. पूर्वी ड्रॉइंग बोर्डवर काम उभ्यानं चालायचं, म्हणून तपासणीसाठी एक उंच टेबल केलं. प्रिंट काढल्या की सगळी तिथं उभी राहतात. डबा कुणी स्क्रीनसमोर उघडत नाही.

ताई फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम अजून करतात, पण दुपारनंतर खांदा चोळत बसणं थांबलं आहे. फौंड्रीत लॅपटॉप घेऊन जाणाऱ्या पोरांचं काम बाकी आहे. त्यांच्या बॅगेत घडीचा स्टँड आणि वेगळा कीबोर्ड दिलाय, पण शॉप फ्लोअरवर ते ठेवायला जागाच सापडत नाही. त्यावर मिस्त्रींशी बोलणं चालू आहे. टेबलाच्या सांगाड्याचं ड्रॉइंग कुणा उद्योगवाल्याला हवं असेल तर ऑफिसात यावं, पैसे घेणार नाही. येताना आपल्या माणसांची मापं मात्र घेऊन या.